जादूघरातलं एक कलम

"बाई, ह्यो गुण्या चुकलाय."

हणमंतमामा बांबूच्या परांचीवर उकिडवे बसले होते. दारावरच्या काळ्या दगडात कोरलेल्या चिन्हाला त्यांनी काटकोन तपासायचा आपला लोखंडी गुण्या लावून धरला होता आणि खाली माझ्याकडे बघत होते. चिन्ह म्हणजे एक गुण्या आणि त्याच्यावर पाय फाकून उभा असलेला कंपास. शंभर वर्षं ते तिथं होतं. त्याच्याखालून कलेक्टर आत गेले, कर्नल गेले, सिव्हिल सर्जन गेले, आणि माणसानं काटकोनात कसं वागावं यावर आत बसून त्यांनी भाषणंही केली असतील. कोरलेला गुण्या मात्र काटकोनात नव्हता. एका बाजूनं चांगला बोटभर उघडा होता.

"कुणी कोरला असंल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुणाला ठाऊक, शंभर वर्षं झाली.

"आमच्यातला न्हाई," असं म्हणून ते पुन्हा कमानीच्या कामाला लागले.

ही १९६८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. आमचं गाव छावणीचं. छावणीच्या टोकाला, चर्चच्या मागं, काळ्या दगडाची एक बैठी इमारत होती. गाव तिला जादूघर म्हणायचं. आत साहेबलोक हाडं घेऊन बसतात, भुतं उतरवतात, अशी माझ्या लहानपणी बोलवा होती. प्रत्यक्षात तो फ्रीमेसन मंडळींचा लॉज होता. मेसन म्हणजे पाथरवट, गवंडी. पण या मंडळींत पाथरवट कुणी नसतो. वकील असतात, डॉक्टर असतात, अधिकारी असतात. ते महिन्यातून एकदा कमरेला पांढरं चामड्याचं फडकं बांधून जमतात, पाथरवटाच्या अवजारांवरून सदाचाराचे धडे घेतात, एकमेकांना बंधू म्हणतात, गरजूंना मदत करतात आणि मग जेवतात. त्यांच्या खुणा आणि शपथा गुप्त असतात. बायकांना प्रवेश नसतो.

मला होता, तो बाजूच्या व्हरांड्यातून वाचनालयाच्या खोलीपर्यंत. लॉजला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त एक स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात मेसन परंपरेचा इतिहास मराठीतून हवा होता. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. पुण्याहून इतिहासात एम. ए. करून आलेली, मुलींच्या शाळेत अर्धवेळ शिकवणारी. लॉजचे अध्यक्ष वकील नीळकंठराव गोळे यांनी मला बोलावून घेतलं. सभासदांपैकी कुणाला हे लिहायला सवड नव्हती. त्यामुळे जी गुपितं ऐकण्याचा मला अधिकार नव्हता, त्यांचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या पाथरवटांनी लिहवून घेतलेल्या सनदा त्यात छापल्या होत्या, शेजारी आजच्या इंग्रजीतला अर्थही होता. मी तो ग्रंथ उघडला तो केवळ कर्तव्य म्हणून. चार दिवसांत मला दुसरं काही सुचेना.

प्रत्येक सनदेचे दोन भाग होते. पहिल्या भागात कहाणी. प्रलयाच्या आधी कुणीतरी सगळ्या विद्या दोन खांबांवर कोरून ठेवल्या, एक खांब आगीत न जळणारा, दुसरा पाण्यात न बुडणारा. मग इजिप्तमध्ये सरदारांना मुलं फार झाली आणि त्यांच्या पोटापाण्याचं काय, असा प्रश्न पडला, तेव्हा युक्लिडनं त्या मुलांना भूमिती शिकवून पाथरवट केलं. पुढं सॉलोमन राजाचं मंदिर, आणि शेवटी इंग्लंडच्या एका जुन्या राजानं पाथरवटांना दिलेले नियम.

दुसऱ्या भागात ते नियम. शिकाऊ ठेवला तर सात वर्षं ठेवावा. दुसऱ्याच्या हातातलं काम हिसकावून घेऊ नये. सोबत्याचा दगड बिघडताना दिसला तर त्याला गोडीनं सांगावं. मालकाच्या बायकोकडे वाकड्या नजरेनं बघू नये. पंगतीत बसताना हात धुवावेत आणि फडक्याला नाक पुसू नये. परगावचा कारागीर दारात आला तर त्याला पंधरा दिवस काम द्यावं, काम नसेल तर पुढच्या मुक्कामापर्यंतची सोय करून द्यावी. आणि लॉज म्हणजे काय, तर बांधकामाच्या शेजारी पाथरवटांनी उभारलेलं खोपट. ऊन-पावसात तिथं दगड घडवायचे, दुपारी तिथंच भाकरी खायची.

पुढं काय झालं, तेही ग्रंथात होतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी एखाद-दुसऱ्या सद्गृहस्थाला या खोपटात येऊन बसावंसं वाटलं. पाथरवटांनी त्याला मानानं आत घेतलं. त्यानं आपले मित्र आणले. शंभरेक वर्षांनी आत सगळे सद्गृहस्थच उरले, आणि पाथरवट कधी बाहेर पडले, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

माझी अडचण शब्दांची होती. अवजारांना मराठीत काय म्हणायचं? गोळे वकिलांनी मला एक यादी दिली होती: समकोणक, लंबसूत्र, समतलदर्शक. हे शब्द मला जड वाटत होते. बाहेर परांचीवर एक जिवंत कोश बसलेला असताना मी तिकडे वळले, यात माझी काही हुशारी नव्हती.

हणमंता रामा धोत्रे. गावाच्या खाणीजवळ वडारांची वस्ती होती, तिथले ते जुने कारागीर. वय पन्नासच्या पुढं. गोळे वकील त्यांना "अरे हणमंता" म्हणत, मी मामा म्हणू लागले. खाणीतल्या सुरुंगानं त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली होती. उरलेल्या तीन बोटांत टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, धरून ते घाव घालत तेव्हा दगडातून एकसारखा, घड्याळासारखा आवाज यायचा. लॉजच्या पुढच्या कमानीचा मधला दगड सरकला होता. तो काढून, नवा घडवून बसवायचा, हे त्यांचं काम.

दुपारी ते भाकरी खायला व्हरांड्यात बसत, तेव्हा मी वही घेऊन जाई. त्यांनी एकेक वस्तू हातात देऊन नाव सांगितलं. गुण्या. ओळंबा. पातळी बघायची पाणसळ. टाकी. टाकीवर मारायची सुतकी. मी ती नावं मसुद्यात घातली. गोळे वकिलांनी मसुदा वाचून सौम्यपणे सांगितलं की शब्द बरोबर असतील, पण गावठी वाटतात, वाचकांना आपण बांधकामखात्याबद्दल वाचतो आहोत असं वाटेल. गुण्याचा समकोणक झाला. लॉज म्हणजे खोपट, हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं. प्रलय, युक्लिड आणि सॉलोमन ठेवले. नियमांचा भाग तर सबंध गाळला. "आजच्या काळाशी त्यांचा संबंध नाही," असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं.

गाळलेले नियम मी हणमंतमामांना वाचून दाखवले. नावं सांगितली त्याची परतफेड, असं म्हणा. ते भाकरी चावत ऐकत राहिले. शिकाऊची सात वर्षं ऐकून मान डोलावली. त्यांच्यात बापाकडे आठ लागतात म्हणाले. हिसकावून घेतलेल्या कामाला त्यांच्या पंचायतीत काय दंड आहे, ते सांगितलं. नाक पुसण्यावर हसले. कहाणीचं त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्याकडेही दोन वर्षांनी एक भाट येतो, पोथी सोडतो आणि तुम्ही अमक्या राजाचे वंशज म्हणून सांगतो. दोन दिवस जेवतो आणि जातो.

"खरं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"खरं-खोटं कोण बघतंय. दगूड फोडणाऱ्याला वरच्या अंगाला कुणीतरी मोठा लागतोच की."

परगावच्या कारागिराचं कलम मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्या महिन्यात नगरपालिकेची नोटीस आली होती. खाणीजवळची वस्ती हलवून तिथं नवी वसाहत होणार होती. वडारांना कुठं जायचं ते सांगितलेलं नव्हतं. नगराध्यक्ष लॉजचे सभासद होते, हे गावात सर्वांना ठाऊक होतं.

"बाई, ह्यांच्यात जो आत गेला त्यो भाऊ लागतो?"

"असं म्हणतात खरं."

"आन् भावानं भावाचं घर मोडायचं न्हाई, आसं काय कलम आसंल?"

तसं थेट नव्हतं. पण भावाचं नुकसान होऊ देऊ नये, असं होतं. तेही मी वाचून दाखवलं.

"मग आत कसं जायाचं?"

इथं मी हसायला हवं होतं, किंवा विषय बदलायला हवा होता. पण मला जे माहीत होतं ते मी सांगून टाकलं. या मंडळींत कुणाला बोलावत नाहीत. ज्याला यायचं त्यानं स्वतः मागायचं, असा नियमच आहे. तो कुणाचा गुलाम नसावा, देव मानणारा असावा, चालचलणूक नेक असावी, आणि दोन सभासदांनी त्याच्यासाठी शब्द टाकावा.

शब्द टाकला पेसीभाई मिस्त्री यांनी. लॉजचे चिटणीस. आडनाव मिस्त्री, पण जन्मभर सोडा-लेमनचा कारखाना चालवला. सत्तरीचे, गोल, आणि पोटात काही न ठेवणारे. गुप्त मंडळाचं चिटणीसपद त्यांच्याकडे कसं आलं, हे मला कधी कळलं नाही. हणमंतमामांची मागणी मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दीकरी, चाळीस वरस मी इथं येते," ते त्यांच्या मराठीत म्हणाले, "दगडाला हात लावलेला एक माणूस नाय पाहिला. येऊ दे त्याला."

अनुमोदन एका निवृत्त कर्नलसाहेबांनी दिलं. लढाईत त्यांच्या पलटणीसाठी पूल बांधणाऱ्या सॅपर लोकांवर त्यांचा जीव होता. अर्ज मी भरला. सहीच्या जागी अंगठा उमटवायला शाईची डबी पुढं केली, तर मामांनी टाक मागितला. तीन रेघांची एक खूण काढली, बाणाच्या टोकासारखी. आपण घडवलेल्या प्रत्येक दगडाच्या पाठीवर ते ही खूण करत, म्हणजे कुणाचं काम कुठलं ते कळतं. त्या जाड ग्रंथात इंग्लंडच्या चर्चांमधल्या दगडांवरच्या अशाच खुणांची चार पानं होती. मी ती त्यांना दाखवली. ते एकेका खुणेवरून बोट फिरवत राहिले, जत्रेत ओळखीची माणसं भेटावीत तसे.

मार्चमध्ये मतदान झालं. ते कसं होतं ते मला कळायला नको होतं, म्हणून पेसीभाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. एक लाकडी पेटी फिरवतात. प्रत्येकजण तिच्या भोकातून हात घालून पांढरी किंवा काळी गोळी टाकतो. दोन काळ्या पडल्या की उमेदवार बाद. कुणी टाकली ते कळत नाही, विचारायचंही नाही.

मतदानाआधी बरेचजण बोलले आणि सगळे चांगलं बोलले. श्रमाची प्रतिष्ठा निघाली. आपल्या पंथाचं मूळच या लोकांत आहे, हेही निघालं. नगराध्यक्षांनी तर असा अर्ज येणं हाच लॉजच्या शतकाचा गौरव आहे असं सांगितलं. मग पेटी फिरली. तेवीस सभासद हजर होते. पेटी उघडली, तेवीसच्या तेवीस गोळ्या पांढऱ्या.

"असा निकाल कलेक्टरच्या वेळेला पण नव्हता लागला," पेसीभाई म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता. मी मात्र घरी जाताना त्यावर विचार करत राहिले, आणि काय झालं असावं ते माझ्या ध्यानात आलं. काळी गोळी पडणार याची प्रत्येकाला खात्री होती. मग ती आपल्याच हातानं कशाला? प्रत्येकानं आपला हात स्वच्छ ठेवला आणि काळं काम शेजाऱ्यावर सोडलं. शेजाऱ्यानंही तेच केलं.

अशा रीतीनं, बहुधा त्या इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच, एक पाथरवट पाथरवटांच्या मंडळात निवडून आला.

दीक्षेचा दिवस एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला ठरला. मामांनी पांढरं धोतर धुवून ठेवलं असं मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांनी जादूघराच्या कुंपणापर्यंत येऊन ती इमारत बघून घेतली.

त्याच्या दोन आठवडे आधी गोळे वकिलांनी मला घरी चहाला बोलावलं. त्यांच्या पत्नीनं स्वतः चकल्या आणून ठेवल्या. वकीलसाहेब थकलेले दिसत होते. निवड झाली याचा सर्वांना आनंदच आहे, ते म्हणाले. प्रश्न हणमंताचा आहे. बैठकीनंतर जेवण असतं, काटे-चमचे असतात, इंग्रजीतून भाषणं असतात. त्याला अवघडल्यासारखं होईल. आणि बाहेर लोक त्याचा उपयोग करून घेतील, वस्तीचं प्रकरण चालू आहे. ते सगळं त्याच्याच भल्याचं बोलत होते. एकही वावगा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही, आणि 'जात' हा तर नाहीच.

"मतदान फिरवता येत नाही," ते म्हणाले. "पण आपली सगळी परंपरा त्या जुन्या सनदांवर उभी आहे. उमेदवाराच्या पात्रतेबद्दल त्यांत काही आहे का, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

"बघा. घाई नाही." मग दुसऱ्याच विषयावर आल्यासारखं त्यांनी सांगितलं की कॉलेजात जूनपासून इतिहासाची एक पूर्णवेळ जागा निघते आहे, आणि नियामक मंडळाला बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा गावातलं कुणी मिळालं तर बरं वाटेल. ते त्या मंडळाचे अध्यक्ष होते. चकल्या खुसखुशीत होत्या. मी दोन घेतल्या.

शोधायला मी दोन दिवस मागून घेतले. पान मला पाठ होतं.

सनदांमध्ये एक कलम होतं. शिकाऊ घेताना तो धडधाकट असावा, त्याचे सगळे अवयव शाबूत असावेत. व्यंग असलेल्याला घेऊ नये. त्याच्या हातून धंद्याचं काम नीट होत नाही, आणि मग सगळ्या मंडळालाच कमीपणा येतो. दगड उचलण्याचा, उंच परांचीवर चढण्याचा धंदा. त्या माणसांनी ते विचार करून लिहिलं होतं. मी ते कलम मूळ इंग्रजीत उतरवलं, खाली मराठी अर्थ दिला, अक्षर वळणदार काढलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांच्या कारकुनाकडे पाकीट दिलं.

दीक्षेआधी बोलावलेल्या बैठकीत काय झालं ते पेसीभाईंनी सांगितलं. या वेळी त्यांना सांगताना आनंद नव्हता. अध्यक्ष उभे राहिले. आपण स्वतः जुन्या सनदांचं परिशीलन केलं, आणि जड अंतःकरणानं एक गोष्ट मांडावी लागते आहे, असं म्हणाले. उमेदवाराच्या हाताला तीनच बोटं आहेत. कर्नलसाहेबांनी तेव्हा आपला डावा पाय काठीनं ठोकून दाखवला. तो लाकडी होता. त्यांना समजावून सांगण्यात आलं की त्यांचा पाय सभासद झाल्यानंतर गेला, त्यामुळे ते कलम त्यांना लागू नाही. दीक्षा रद्द झाली. या वेळी पेटी फिरवावी लागली नाही. सनदांतले सगळे नियम कालबाह्य म्हणून गाळलेले होते, तेवढा एक पुन्हा लागू झाला.

"बुढ्ढ्यानं शोधून शोधून काय शोधलं," पेसीभाई म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर ते ऐकून पहिल्यांदा मला रागच आला. शोध माझा, नाव त्यांचं. आपण कशावर हक्क सांगायला निघालो आहोत, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मामांना सांगायचं कोणी? वकीलसाहेबांना वेळ नव्हता. पेसीभाईंनी साफ नकार दिला. लॉजच्या छापील कागदावर एक पत्र आलं आणि ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वाचून दाखवणं हे माझंच काम झालं होतं.

कमान पुरी झाली होती. परांची सोडायचं काम चाललं होतं. दुपारच्या उन्हात मामा व्हरांड्यात येऊन बसले. मी पत्र वाचलं. त्यांनी पत्र बाजूला ठेवायला सांगितलं आणि पुस्तकात जे लिहिलंय तेच वाचा म्हणाले. मी वाचलं. त्यांनी डावा हात मांडीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"का न्हाई घ्यायचं, ते पन लिवलंय का?"

मी कारण वाचून दाखवलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. मला वाटलं, ते उपरोधानं बोलत असावेत. तसं नव्हतं. "हात गेलेल्याला आमी बी नव्यानं घेत न्हाई. माझी बोटं गेली ती शिकल्यावर, म्हनून निभावलं. लिवनाराला काम ठावं हुतं." मग त्यांनी विचारलं, "येवढ्या जुन्या पोथीतनं हे हुडकलं कुणी?"

कर्नलसाहेबांचा लाकडी पाय मला तेव्हा आठवला. शिकल्यावर बोटं गेली, म्हणजे त्यांना मिळालेली सूट यांनाही लागू होती, हे मी तिथल्या तिथं म्हणू शकले असते. आत जाऊन, भांडून, लिहून देऊ शकले असते. माझ्याइतकं ते कलम कुणाला ठाऊक होतं?

"वकीलसाहेबांनी," मी म्हटलं.

"वाचल्याला मानूस," मामा म्हणाले, आणि परांचीचे बांबू मोजायला उठले.

मे महिन्याच्या मध्यावर वस्ती हलवली. गावापासून सात मैलांवर, माळावर जागा दिली होती. तिथं दगड होता, पण पाणी नव्हतं. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी हणमंतमामा आमच्या घरी आले. सून बरोबर होती. दोघांनी मिळून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवलं. पोतं सोडलं तर आत पाटा आणि वरवंटा. काळा, कडा सोलून काढल्यासारख्या सरळ, आणि अंगभर टाकीचे बारीक ठिपके, तांदूळ विखरावेत तसे. आईनं हात फिरवून बघितला आणि असा पाटा आपण उभ्या जन्मात पाहिला नाही म्हणाली.

हे कशाला, असं मी विचारलं.

"पेसीसायेब बोल्ले," मामांनी सांगितलं. "आत कुनी कायबी म्हनू दे, बाई तुमच्या बाजूनं हुत्या म्हनले. दुसरं काय देनार आमी?"

पेसीभाईंना तसं खरोखरच वाटत होतं. मी रिकाम्या पोत्याची घडी घालून ठेवली. आईनं त्यांना चहा दिला, सुनेची ओटी भरली. मामांनी जाताना पाट्याची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं: दोन-तीन वर्षांनी ठिपके झिजतात, मग मसाला नुसता घसरतो, वाटला जात नाही. तेव्हा कुणाकडूनही टाकी लावून घ्या. कुणीही लावील, त्यात अवघड काही नाही.

जूनमध्ये मी कॉलेजात रुजू झाले. एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. स्मरणिका दिमाखात निघाली. तिच्यातला मराठी लेख अजून कुणी कुणी वाखाणतं, विशेषतः त्यातली परिभाषा. गोळे वकील गेले, पेसीभाई गेले. माळावरच्या वस्तीतून काही कुटुंबं पुढं कर्नाटकात गेली असं ऐकलं. त्यांत मामा होते की नाही, ते मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही.

पाटा माझ्या स्वयंपाकघरात आहे. आता तो आरशासारखा गुळगुळीत झाला आहे, त्यावर काही वाटलं जात नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, एक बाई खांद्यावर झोळी घेऊन आमच्या गल्लीतून जाते. "टाकी लावायची का, पाट्याला टाकी," अशी हाक देते, आणि माझ्या दारापाशी आल्यावर थोडी थांबते. ती पुढं जाईपर्यंत मी आतल्या खोलीत असते.